सुंदराबाईंचा उजवा हात

चिंचबेट,
२४ जुलै १९९४

आदरणीय साळुंखे गुरुजी यांना,
मंजुषाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी गंगाराम घरत होडीवाल्यांची मोठी मुलगी. बारावी झाल्यापासून घरीच आहे. तुम्ही मला शाळेच्या ओट्यावर दोन-चारदा पाहिलं असेल, माझा धाकटा भाऊ तुमच्याकडे दुसरीत आहे.

तुमची तब्येत कशी आहे? त्या सोमवारी होडी उलटली त्याला आज तेरा दिवस झाले. धक्क्यावरून तुम्ही ओल्या कपड्यांनी रिक्षात बसून गेलात, ते बाबांनी शेवटचं पाहिलं. त्यानंतर काहीच कळलं नाही. देवाच्या कृपेने सातही माणसं वाचली. आजीचा उजवा हात मात्र मनगटाच्या वर दोन ठिकाणी मोडला. पनवेलला प्लास्टर घातलंय.

गुरुजी, तुमचे उपकार कसे फेडायचे ते आम्हाला समजत नाही. बाबा दुसऱ्या बाजूला दोन बायकांना धरून होते, त्यांना आजी दिसतही नव्हती. ट्रॉलरवाल्यांनी तुम्हाला वर ओढलं तेव्हा आजीचा पदर तुमच्या मुठीत होता, असं बाबा सगळ्यांना सांगतात. आजी पण म्हणते, "गुरुजींनी मना धरली." तुम्हाला स्वतःला पोहता येत नाही हे अख्ख्या बेटाला माहीत आहे. त्यामुळे तर लोकांना जास्तच नवल वाटतं. पंधरा ऑगस्टला शाल-श्रीफळ देऊन तुमचा सत्कार करायचं ठरलंय.

होडी दुरुस्त झाली आहे. शाळेला कुलूप आहे. सतरा पोरं दिवसभर तिवरांच्या झाडीत खेकडे-चिंबोऱ्या धरत फिरतात. तुम्ही कधी येणार ते कळवा, म्हणजे बाबा धक्क्यावर येऊन थांबतील. भरतीच्या वेळा मी मागे लिहिल्या आहेत.

आपली,
मंजुषा घरत

*

सी.बी.डी. बेलापूर,
२ ऑगस्ट १९९४

चि. मंजुषास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सर्वजण सुखरूप आहेत हे वाचून समाधान वाटले. मला त्या दिवसापासून ताप आहे. छातीत कफ भरला आहे, डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली आहे. वैद्यकीय रजेचा अर्ज दिला आहे. साधारण आठ-दहा दिवसांत येईन.

सत्काराचे कृपया काढू नये. असे काही मी केलेले नाही. गावकऱ्यांना तसे स्पष्ट सांग.

शाळेची दुसरी किल्ली तुमच्याच घरी खुंटीला असते. तू बारावी झालेली आहेस, तेव्हा पोरांना निदान पाढे म्हणायला बसव. हजेरी पेन्सिलने मांडून ठेव.

सुंदराबाईंना, तुझ्या आजींना, नमस्कार सांग.

तुझा,
हौसेराव साळुंखे

*

चिंचबेट,
२३ ऑगस्ट १९९४

आदरणीय गुरुजी,
शि. सा. नमस्कार.

आठ-दहा दिवस म्हणाला होतात म्हणून पत्र पाठवलं नाही. रोज सकाळच्या भरतीला बाबा धक्क्यावर थांबून परत येतात. ताप अजून आहे का? बाबा म्हणतात तुमच्या घरी येऊन बघून येतो, पण मी म्हटलं, आजारी माणसाला त्रास नको.

तुमचं पत्र मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी शाळा उघडली. छप्पर दोन ठिकाणी गळत होतं. तिसरीचा वर्ग चौथीशेजारी बसवला आणि पहिलीला माझ्या पायाशी घेतलं. पंधरा ऑगस्टला झेंडा बाबांनी चढवला. शाल आणली होती, ती शाळेच्या कपाटात ठेवली आहे. तुम्ही सत्कार नको म्हणालात ते मी वाचून दाखवलं, तर सगळे म्हणाले, मोठी माणसं अशीच असतात. आजी तेवढी, प्लास्टरखाली खाज येते म्हणून, चुलीतली काडी घालून खाजवत बसली होती.

परवा नारळी पुनव झाली. श्रावणात बेट अगदी गप्प असतं गुरुजी, जाळी घरात टांगलेली आणि सगळ्यांच्या तोंडी वालाचं बिरडं. पुनवेला सोन्याच्या कागदाचा नारळ खाडीला दिला आणि दुसऱ्या दिवशी होड्या बाहेर पडल्या. आजीला दर वर्षी नारळ सोडायचा मान असतो. या वेळी तिने डाव्या हाताने सोडला. डाव्या हाताने कशाला, असं कोणीतरी बोललं. ती म्हणाली, "खाडीला हात कलत नाय, नारल कलतो."

एक विचारायचं होतं. तिसरीच्या पोरांना हातच्याची वजाबाकी काही केल्या समजत नाही. दशक घराकडून उसना घ्यायचा म्हटलं की विचारतात, परत कधी द्यायचा? तुम्ही कसं शिकवायचात?

आपली,
मंजुषा

*

सी.बी.डी. बेलापूर,
१० सप्टेंबर १९९४

चि. मंजुषास,
आशीर्वाद.

वजाबाकी शिकवताना 'उसना' शब्द वापरू नये. दहा काड्यांची जुडी करावी, जुडी सोडून सुट्या काड्यांत मिसळावी. पोरांना हाताने सोडू द्यावी. मग त्यांना समजते.

माझी तब्येत मध्यम आहे. रजा वाढवली आहे. वडिलांना इकडे पाठवू नकोस. आमची सोसायटी नवीन आहे, घर सापडणार नाही.

हौसेराव साळुंखे

*

चिंचबेट,
१४ ऑक्टोबर १९९४

आदरणीय गुरुजी,
शि. सा. नमस्कार.

जुडी सोडायची युक्ती लागू पडली! आता पोरं घरात चुलीची लाकडंसुद्धा दहा-दहाच्या जुड्या करून रचतात.

दसरा काल झाला. भात पिवळं पडलंय. खाऱ्या जमिनीचं भात ठेंगणं असतं, तरी यंदा कमरेला लागलं. आठवडाभरात कापणी सुरू होईल, मग पोरं शाळेत येणार नाहीत, शेतावर पाखरं हाकलतील. मी ठरवलंय, शाळा सकाळी सातला भरवायची आणि नऊला सोडायची. चालेल ना? तुम्हाला विचारल्याशिवाय वेळ बदलणं बरं वाटत नाही.

आजीचं प्लास्टर काढलं. हात सरळ होत नाही. बोटं आत वळून राहिली आहेत, अंगठा हलतो तेवढा. डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं, आता असाच राहील. मिठागरावर फावडं ओढायचं तिचं काम गेलं. तीस वर्षं ओढत होती. ती वाईट वाटून घेत नाही, पण जेवताना डाव्या हाताने घास घ्यायची तिला लाज वाटते, सगळ्यांचं झाल्यावर भिंतीकडे तोंड करून जेवते.

काल तिने मला जवळ बसवून सांगितलं, "मास्तरांना लिव, पान्यातली गोस्ट पान्यात गेली. मी कोनाला काय सांगनार नाय. आता या म्हनावं." मला नीट कळलं नाही, पण तिने जसं सांगितलं तसं लिहिलंय.

चौथीची चार मुलं शिष्यवृत्ती परीक्षेला बसवावीत असं मला वाटतं. गेल्या दहा वर्षांत बेटावरून कोणी बसलेलं नाही. फॉर्म तुमच्या सहीने जातात. तुम्ही आलात की बोलू.

आपली,
मंजुषा

*

सी.बी.डी. बेलापूर,
२२ ऑक्टोबर १९९४

कु. मंजुषा घरत हिस,

तुझे पत्र मिळाले. त्यातला रोख मला समजला आहे.

तुझ्या आजीने जे सांगितले असेल ते असेल. परंतु एकाच पत्रात मोडलेला हात, गेलेले काम, 'कोणाला सांगणार नाही' आणि लगेच खाली फॉर्मवर माझी सही, हे सगळे ओळीने लिहिण्याचा अर्थ न समजण्याइतका मी दूधखुळा नाही. तुम्हाला काय हवे आहे ते सरळ लिहा. उलटलेल्या होडीखाली, नाकातोंडात पाणी गेलेल्या माणसाने काय केले याचा जाब काठावर बसलेल्यांनी विचारू नये. तिने माझा पाय धरला होता. मी काय करायला हवे होते? दोघांनी मरायला हवे होते?

यापुढे मला पत्र पाठवू नये. तालुक्याहून मागवलेले कोरे फॉर्म सही करून सोबत जोडले आहेत.

हौ. साळुंखे

*

चिंचबेट,
२० नोव्हेंबर १९९४

गुरुजी,
नमस्कार.

पत्र पाठवू नये असं तुम्ही लिहिलं होतं. तरी हे एकच पाठवते.

मला काहीही माहीत नव्हतं. तुमचं पत्र मी शाळेत पोरांसमोर उघडलं होतं, फॉर्म आले म्हणून आनंदाने. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा पोरांना लवकर सोडलं.

संध्याकाळी आजी आवारात भात झोडत होती, एका हाताने. मी तिला विचारलं, "आजी, त्या दिवशी तू गुरुजींचा पाय धरला होतास?" ती झोडायची थांबली. म्हणाली, "कोनी सांगला तुला?" मी म्हटलं, "त्यांनीच." पेंढा गोळा करून झाल्यावर तिने सगळं सांगितलं. तुमच्या हातात तेलाचा मोकळा कॅन होता. तिने पाय धरला, तुम्ही झटकला, तिने कॅनला हात घातला, तुम्ही तिची बोटं सोडवलीत आणि लाथ मारलीत. हात होडीच्या काठावर आपटला. पदर तुमच्या हातात कसा आला ते तिलाही माहीत नाही. बहुतेक बोटं सोडवताना गुंतला.

बाबांना मी सांगितलेलं नाही. ते अजून रोज धक्क्यावर थांबतात.

मी आजीला विचारलं, मग तू खोटं का बोललीस? ती म्हणाली, बारा वर्षांत चार मास्तर आले. एकाला पाणी सोसलं नाही, एकाला एकटेपणा. एकाने बदली करून घेतली, आणि चौथा मे महिन्यात गेला तो जूनमध्ये आलाच नाही. मधली दोन वर्षं शाळेत कोंबड्या होत्या. "खरा बोल्ले असते तर हा पन लाजून गेला असता. चांगला बोलली म्हनून ऱ्हाईल, असा वाटला."

गुरुजी, तुमच्यासाठी नव्हतं ते. शाळेसाठी होतं.

फॉर्म भरून पाठवले आहेत. चारही मुलांची नावं आहेत.

मंजुषा

*

सी.बी.डी. बेलापूर,
४ डिसेंबर १९९४

चि. मंजुषास,

हे पत्र चार वेळा सुरू करून फाडले.

मी माण तालुक्यातला. आमच्याकडे विहिरीला पन्नास हात दोर लागतो आणि तळाशी घागर बुडण्याइतकेही पाणी नसते. पोहणे कुठून येणार? बदली बेटावर झाली तेव्हा हिने, सरस्वतीने, ती रद्द करून घ्या म्हणून हात जोडले होते. मीच ऐटीत म्हणालो, माणूस सवयीने समुद्रही ओलांडतो. दोन वर्षे होडीत मधल्या फळीवर बसून, दोन्ही हातांनी काठ धरून येत होतो. माझ्या डब्यातली भाजी तुझी आजी चाखायची आणि म्हणायची, "तुमच्या बायकोचा हात चांगला हाय, पन माशाबिगर जेवान म्हंजे उपासच." त्याच बाईची बोटे मी एकेक करून सोडवली, मंजुषा. घाबरून आंधळेपणाने केले असे मी पाच महिने स्वतःला सांगत होतो. ते खोटे आहे. एकेक करून सोडवली. करंगळीपासून. ते मला स्पष्ट आठवते.

ताप मला तीनच दिवस होता. पुढचे दाखले एका ओळखीच्या डॉक्टरांकडून आणले. तालुक्याच्या ऑफिसने विचारले, बदली शिक्षक पाठवू का? मी म्हणालो, नको, आठ दिवसांत हजर होतो. असे प्रत्येक वेळी म्हणालो. दुसरा कोणी आला आणि त्याच्या कानावर काही गेले तर, ही भीती. तुझे पहिले पत्र आले, मी आजीला वाचवले असे त्यात होते, तेव्हा सरस्वतीने ते शेजारच्या बाईंना वाचून दाखवले. सोसायटीत लोक माझ्याकडे बघून मान डोलवू लागले. मी कोणाला काही बोललो नाही. परवा ती म्हणाली, "तुमी एवढं चांगलं काम केलं, मग तोंड लपवून का बसता?" मी तिला सांगितले. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि भाकरी थापत राहिली. त्या रात्री घरात सतरा भाकरी झाल्या, खाणारी माणसे चार.

तुझ्यावर जो घाणेरडा संशय घेतला त्याबद्दल क्षमा मागायचेही मला तोंड नाही. तू शाळा चालवत होतीस. मी तुला धमकी देणारी समजलो.

आजीला विचार, मी यावे का? ती नको म्हणाली तर मी राजीनामा पाठवीन, म्हणजे दुसरा माणूस मिळेल.

हौसेराव साळुंखे

*

चिंचबेट,
२१ डिसेंबर १९९४

गुरुजी,
नमस्कार.

तुमचं पत्र आजीला वाचून दाखवलं. करंगळीचं वाचताना मी थांबले, तर म्हणाली, वाच पुढं. पुढचं तिचं आहे, मी फक्त लिहिते.

"मास्तर, बुडनारा मानूस लाथ मारतोच. माज्या नवऱ्याने सक्क्या भावाला मारली व्हती, वादलात. दोगं वाचले नि मरंपरत एका ताटात जेवले. त्याचा मना राग नाय. राग याचा हाय, का तुमी ऱ्हावा म्हनून मी खोटी बोल्ले नि तुमी घरात बसलाव. माजा हात गेला तो गेला. पोरांचा वरीस कशाला घालवता? राजीनामा नको. या."

एवढंच सांगितलं तिने. मग म्हणाली, माशाचं कालवण लाव.

आता माझं. बेटावर थंडी पडलीय. मिठागरांत पाणी घेतलंय, कोंड्यांतल्या पाण्यावर मिठाची पहिली साय धरायला लागली. आजी बांधावर जाऊन बसते आणि फावडं ओढणाऱ्यांना ओरडते, असं नाही तसं. ओहोटीला चिखलावर पांढरे-गुलाबी पक्षी उतरतात. पोरांना मी ते मोजायला लावते, शंभरच्या पुढे गेलं की भांडणं होतात.

परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आहे. बुद्धिमत्ता चाचणीतली निम्मी गणितं मलाच येत नाहीत. मला तुमचा अजून राग आहे. तो असू दे. तरी या.

मंजुषा

*

सी.बी.डी. बेलापूर,
२८ जानेवारी १९९५

चि. मंजुषास,
आशीर्वाद.

परवा तुझ्याशी नीट बोलता आले नाही, म्हणून लिहितो. तू पोरांना घेऊन आत गेलीस ते बरे केलेस.

दोन जानेवारीपासून मी येतो आहे. गंगारामभाऊंनी पहिल्या दिवशी मला हाताला धरून होडीत घेतले, आपले जाकीट काढून मधल्या फळीवर अंथरले. "गुरुजी, तुमच्यामुले माजी आय हाय," म्हणाले. रोज काहीतरी बोलायचे. पोपटीला थांबा, वालाच्या शेंगा नि अंडी भाजतो. एकदा ताज्या जिताडा माशाचा तुकडा केळीच्या पानात बांधून दिला. तो मी घरी नेला. सरस्वतीने शिजवला, वाढला, आणि स्वतः खाल्ला नाही. मलाही गिळवला नाही. चोवीस दिवस असे काढले. सव्वीस जानेवारीला झेंडा चढल्यावर कपाटातून ती शाल बाहेर आली आणि भाऊ स्वतः ती माझ्या खांद्यावर घालायला पुढे झाले. मला ते सहन झाले नाही.

मी सगळ्यांसमोर बोललो. कॅन, बोटे, लाथ, खोटे दाखले, सगळे. बोलत असताना वाटत होते, आता मोकळे वाटेल. गंगारामभाऊ शालीची घडी घालत राहिले. घालून झाली की पुन्हा उलगडायचे, पुन्हा घालायचे.

मग तुझी आजी पुढे आली. मला वाटले रडेल, किंवा माफ केले म्हणेल. तिने डाव्या हाताने माझा सदरा धरला. "बोलून मोकला झालास? बरा वाटला? तुजा वझा तू माज्या पोराच्या डोक्यावर ठेवलास. आता त्याने तुला होडीत कसा घ्यावा? मी सा महिने दात दाबून गप ऱ्हायले ती काय तुज्यासाटी?"

तिने मला पहिल्यांदा अरेतुरे केले. मंजुषा, लाथ मारली त्या दिवसाची लाज एका प्रकारची होती. ही वेगळी आहे. खरे बोललो ते मी माझ्यासाठी बोललो, हे तिच्याइतके लख्ख मला कोणी दाखवले नसते.

भाऊंनी मला धक्क्यावर सोडले. उतरताना मी नमस्कार केला, त्यांनी बघितले नाही. काल सकाळी मी साडेसात ते अकरा धक्क्यावर होतो. होडी आली नाही. आजही नाही. उद्या रविवार. सोमवारी मी पुन्हा थांबेन. रोज थांबेन.

पोरांना गुणोत्तराची दहा गणिते सोबत पाठवली आहेत. उत्तरे मागच्या बाजूला आहेत, त्यांना दाखवू नकोस.

हौसेराव साळुंखे

*

चिंचबेट,
७ फेब्रुवारी १९९५

गुरुजी,
नमस्कार.

घरात काय चाललंय ते तुम्हाला कळायला हवं.

बाबा चार दिवस जेवले नाहीत. आजीशी बोलायचे नाहीत. मला म्हणाले, "तुला पन ठाव व्हता?" मी हो म्हटलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा मारलं असतं तर बरं. मी नोव्हेंबरपासून त्यांना रोज सकाळी धक्क्याकडे जाताना बघत होते, आणि बोलले नव्हते. लाज फक्त तुमच्या एकट्याच्या वाट्याला आली असं समजू नका.

गावात बैठक झाली. काही जण म्हणाले, अर्ज करू, हा मास्तर नको. आजी म्हणाली, "करा. नि नवा येईपरत कोंबड्या कोन हाकलनार ते पन ठरवा." अर्ज तिथेच राहिला.

काल बाबा मासळी घेऊन धक्क्यावर गेले होते, तुम्हाला माहीत नसेल, ते लांबून बघत होते. परत येऊन आजीला म्हणाले, "तो हाय तितं हुबा. पिशवी घेऊन." आजी म्हणाली, "मग?" बाबा म्हणाले, "शालेसाटी आनीन. बोलनार नाय."

तेव्हा सोमवारपासून सकाळी आठला होडी येईल. त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न करू नका. जाकीट अंथरलेलं नसेल.

मंजुषा

*

चिंचबेट शाळा,
३ सप्टेंबर १९९५

चि. मंजुषास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे डी.एड.च्या वसतिगृहातून आलेले पत्र काल पोस्टमनने शाळेतच आणून दिले. तिथे पाठ घेताना हात थरथरतात म्हणतेस. मुलींनी भरलेल्या वर्गात, फळ्याशी, मागे पर्यवेक्षक बसलेला असताना थरथरणारच. तू गळक्या छपराखाली चार वर्ग एकटीने सांभाळलेस, हे त्या पर्यवेक्षकाला माहीत नाही. तुला माहीत आहे, एवढे पुरे.

बेटाची खबर कळवा म्हणतेस. आता ती मीच कळवायची वेळ आली.

चौघांपैकी एकीला शिष्यवृत्ती मिळाली, हे तुला ठाऊक आहेच. बाकी तिघे थोडक्यात गेले. तिघांच्या नावांवर मी अजूनही अडखळतो. ते पाच महिने त्यांना मिळाले असते तर, असे वाटते. ती मुले आता पनवेलला पाचवीत जातात, भेटली की 'गुरुजी' म्हणून हसतात. मी हसतो आणि दुसरीकडे बघतो.

उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा तुझे वडील होडीतून पिंपे आणत होते. मे महिनाभर मी सुट्टी असूनही येत होतो, पिंपे उचलायला माणूस हवा म्हणून. फेब्रुवारी ते मे त्यांनी माझ्याशी एक शब्द काढला नाही. मी पिंपाला हात लावला की ते दुसरी बाजू उचलायचे, एवढेच.

जूनमध्ये ते बदलले. शाळा उघडायच्या दिवशी खाडी खवळलेली होती. धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर मी अडलो. होडी खाली आपटत होती, मला पाऊल उचलता येईना. गंगारामभाऊंनी बराच वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, "गुरुजी, आसा किती वरसं भ्यानार? तला भरला का पोवाया शिका." चार महिन्यांनी त्यांच्या तोंडून ऐकलेले पहिले वाक्य. आणि मी चढलो.

तळे आषाढात भरले. रोज शाळा सुटल्यावर मला तिथे नेतात. त्रेचाळिसाव्या वर्षी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो तर पहिली-दुसरीची पोरे, जी बेडकासारखी पोहतात, काठावर लोळून हसली. भाऊ माझ्या पोटाखाली हात धरून उभे राहायचे. पहिले कित्येक दिवस मी त्यांच्या दंडाला असा लटकायचो की माझी नखे उमटायची. त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. माझ्या मनात काय चालायचे ते मी इथे लिहीत नाही. तुला लिहायची गरजही नाही.

आजी बरी आहे. भाताची लावणी डाव्या हाताने केली, सरळ ओळ लावते असे म्हणतात. आता सगळ्यांच्या पंगतीत बसून जेवते. हे माझ्यामुळे झालेले नाही, तुझ्या धाकट्या भावामुळे झाले. तो हट्टाने डाव्या हाताने जेवायला लागला आणि आजी त्याला ओरडण्यासाठी म्हणून शेजारी बसू लागली. माझ्याशी ती पुन्हा 'तुमी' म्हणून बोलते. मला ते 'तू' बरे वाटले होते, पण तसे तिला सांगण्याचा हक्क मला नाही.

काल मी पहिल्यांदा कोणाच्या आधाराशिवाय पोहलो. फार नाही, दहा-बारा हात. तळ्याच्या मध्यापर्यंतही नाही. भाऊंनी हात कधी काढला ते मला कळले नाही. डोके वर काढले तर ते मागे उभे होते आणि काठावर सगळी पोरे टाळ्या पिटत होती. त्यांच्यात तुझी आजी बसली होती. तिला टाळी वाजवता येत नाही. तिने डाव्या हाताने आपल्या मांडीवर थाप मारली, एकदा, मग पुन्हा एकदा. मी पाण्यात उभा होतो, वर यायचे सुचत नव्हते.

तुझा,
हौसेराव साळुंखे